नगरच्या दवाखान्यात मी मान हलवली

माझ्या सुनेला मूल झालं नाही, त्यात तिचा दोष नव्हता. दोष माझा होता. एवढं सांगायला मला म्हातारपण यावं लागलं.

सोनईजवळच्या आमच्या गावात मी तालीम चालवायचो. पोरं मला वस्ताद म्हणायची. माझा मुलगाही तालमीत वस्ताद म्हणायचा आणि घरी आला की आबा. तो चपळ होता, पण अंग धरत नव्हता. एका जत्रेत समोरच्या पैलवानानं त्याला पोत्यासारखा उचलून टाकला, तेव्हा गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "वस्तादाच्या म्हशी आटल्या वाटतं!" लोक हसले. मीही हसलो, पण ते मला फार लागलं.

नगरला व्यायामशाळा चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मी इंजेक्शनं आणली. ती कशाची, हे मी नीट विचारलं नाही. मोठ्या तालमींतली पोरं घेतात, एवढं मला पुरलं. तालमीमागच्या खोलीत मी मुलाला पालथं झोपवलं.

"कशाची हाय, वस्ताद?"

"ताकदीची. टॉनिक समज."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास होता.

पुढं त्याची मान आणि खांदे एक झाले. तो कुस्त्या मारू लागला. लोक म्हणायचे, "म्हशीचं दूध बोलतंय!" मी मान डोलवायचो. त्याच दिवसांत त्याची पाठ फोडांनी भरली. उष्णता झाली म्हणून त्याची आई कडुलिंबाच्या पाण्यानं ती धुवायची. भाकरी गार झाली म्हणून या गरीब स्वभावाच्या पोरानं एकदा ताट भिरकावलं. छाती बाईमाणसासारखी सुजली, तेव्हा तो विहिरीवर चारचौघांत अंघोळीला जायचा बंद झाला. मी हे सगळं पाहत होतो आणि सुया देत होतो. लग्नानंतरही देत राहिलो.

सून कोल्हारची. हसरी, बोलकी. लग्नाच्या नवलाईत एकदा ती स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणाली, "मामा, तुमचा पैलवान उंदराला बघून पाटावर चढलाय. याला गदा कुणी दिली?" घरात तेवढं हसू पुन्हा कधी झालं नाही.

मूल राहीना. माझ्या बायकोनं सुनेला डॉक्टर दाखवले, देव दाखवले. तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. शेवटी नगरच्या डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावलं. "पैलवानाची कसली तपासणी?" म्हणून बायको फणकारली. मी मुलाला गावाला कळू न देता घेऊन गेलो.

मुलाच्या वीर्यात बीजच नव्हतं. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यांकडं पाहत विचारलं, "शरीर कमावायची इंजेक्शनं घेतली होती का?"

आखाड्यात डाव टाकायच्या आधी तो माझ्याकडं बघायचा. मी खुणावलं की डाव टाकायचा. तिथंही त्यानं तसंच माझ्याकडं बघितलं.

मी मान हलवली.

"न्हाई, साहेब," तो म्हणाला.

"घेतली असतील तर सांगा," डॉक्टर म्हणाले. "त्यानं शरीर आपलं बीज तयार करायचं थांबतं. ती बंद करून उपचार केले तर अजून आशा असते. लपवलंत तर मी काय करू?"

आम्ही उठलो. एसटी स्टँडवर त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

"आबा, घरी काय सांगायचं?"

"तुझं सगळं बरं हाय म्हणायचं."

त्याचं सगळं बरं ठरलं, तेव्हाच तिचं वाईट ठरलं. हे मला तेव्हाही कळत होतं. सुया मी बंद केल्या, पण त्याला पुन्हा डॉक्टरकडं नेलं नाही. नेलं असतं तर खरं बोलावं लागलं असतं.

एकदा शेजारी डोहाळजेवण होतं. सून नवं लुगडं नेसून ओटीचं ताट घेऊन निघाली. माझी बायको दारात आडवी झाली. "तू नको. भरल्या वटीवर तुझी नजर कशाला?" मी ओसरीवर जेवत होतो. सून माझ्याकडं वळली. "मामा?" एवढंच म्हणाली. मी ताटात मान घातली.

काही दिवसांनी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. पुढं सोडचिठ्ठी झाली. मुलगा आता साखर कारखान्यावर वॉचमन आहे. हृदय वाढलंय, जिना चढताना मध्येच थांबतो. तो कारखान्याजवळच राहतो. जत्रेला येत नाही.

यंदाच्या जत्रेत गावानं मला फेटा बांधला. कुस्तीआधी पोरं पाया पडायला आली. रिवाजाप्रमाणं मी एकाच्या पाठीवर थाप मारली, तर हाताला फोड लागले. पाठभर, तसेच.

"काय घेतोस रे?"

"दूध, वस्ताद," तो म्हणाला आणि जोडीदाराकडं बघून हसला.

निवेदकानं दोन शब्द बोला म्हणून माईक दिला. मी सगळं सांगितलं. सुया, दवाखाना, मान हलवणं. माझी सून चांगली होती, हे दोनदा सांगितलं. निवेदकानं माईक काढून घेतला. "वस्तादांना ऊन लागलंय," म्हणाला. हलगी वाजायला लागली.

भोंगे सगळ्या गावाकडं तोंड करून बांधले होते, ते मी विसरलो होतो. घरी आलो तर तव्यावरची पोळी जळून धूर झाला होता. बायको पाटावर तशीच बसलेली.

"मी त्या पोरीला दारातून मागं फिरवलं," ती म्हणाली. "आन् तुमी तिथं जेवत हुते."

"व्हय."

"माझ्या तोंडून वदवून घेतलं तुमी सगळं."

दुसऱ्या दिवशी ती नारळ आणि खण पिशवीत घालून निघाली. मी मागोमाग. कोल्हारला भावाच्या घरी सून मशीनवर ब्लाऊज शिवत होती. केस पांढरे झालेत. मी बोललो. ती ऐकत होती, पण पाय मशीनवरून काढला नाही.

"मला ठाव होतं, मामा. बायकोला कळत न्हाई का? कुणाला सांगू नको म्हणून त्यांनी शप्पथ घातली हुती. मला वाटायचं, एखादवेळेस तुमी सांगाल. माझी आई मरेपर्यंत माझ्यासाठी नवस करीत राहिली."

बायकोनं ओटी भरायला नारळ पुढं केला. सुनेनं पदर पसरला नाही.

"आता राहू द्या, आत्या," ती म्हणाली. "बसा. चहा टाकते."

आम्ही चहा घेतला. नारळ पिशवीत घालून परत आणला.