तिसऱ्या मजल्यावरचा सूर

अख्ख्या मीरा रोडमध्ये आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांइतका भांडखोर माणूस शोधून सापडला नसता. शांती नगरातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे काका भाजी घेऊन वर निघाले की मजल्यागणिक एक भांडण ठरलेलं. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती भाभींच्या चपला वाटेत असायच्या. "भाभी, ये रास्ता है के दुकान?" दुसऱ्या मजल्यावर आमचं दार. आमची बेल चुकीच्या उंचीवर बसवलीय, हा सिद्धान्त ते कठडा धरून, शब्दाशब्दाला थांबत सविस्तर मांडायचे. भांडून माणूस दमतो. काका भांडून ताजेतवाने व्हायचे. ते भांडणाच्या निमित्ताने श्वास गोळा करतात, हे आधी माझ्या बायकोच्या लक्षात आलं. तेव्हापासून जिन्यात पावलं वाजली की ती मुद्दाम दार उघडून उभी राहायची. भांडायला समोर कोणीतरी हवं ना!

भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात काकांनी उभा जन्म पॉलिशच्या चाकापुढे काढला. विडीला कधी शिवले नाहीत, पण भांडी चकचकीत होऊन लोकांच्या घरी गेली आणि धूळ ह्यांच्या छातीत राहिली. आमच्याकडे पाणी दिलं तरी पिऊन झालं की तांब्या उलटा करून बघत. "पॉलिश मारलंय की गुदगुल्या केल्यात?" डॉक्टरांनी त्यांना आत तीन गोळे असलेलं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं, श्वास ओढला की गोळे वर चढायला हवेत. "पहिला कामाला जातोय," काका सांगायचे, "दुसरा मूड असेल तर. तिसरा माझ्यासारखा रिटायर." आणि हसता हसता खोकला लागायचा तो थांबायचा नाही. दम लागतो म्हणून त्यांनी चालणं सोडलं, आणि चालणं सोडल्यावर पायही गेले. मग अंघोळ स्टुलावर बसून, शर्टाची बटणं काकूंच्या हाती, आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र. बघवत नसे.

पण गणपतीत काकांपुढे कोणाची टाप नव्हती. आरतीत विठ्ठलाला हाक मारताना एक सूर दम टिकेल तोवर ओढायचा असतो. रत्नागिरीच्या ह्या गड्याने तिथे कधी हार खाल्ली नव्हती. बाकीचे एकेक करून गळायचे, काका मात्र कानावर हात ठेवून उभे! ऑक्सिजन लागला त्या वर्षीही ते हट्टाला पेटले, "मी खाली येणार." तरण्या मंडळींनी त्यांना खुर्चीसकट पार्किंगमधल्या गणपतीपुढे उतरवलं, शेजारी सिलिंडर ठेवला. काकूंनी आधीच एकेकाला गाठून सांगितलं होतं, "ह्यांच्या आधी थांबा हां. एवढं एकदा जिंकू देत." आम्ही शब्द पाळला. सूर लागला आणि आम्ही सगळे शहाण्यासारखे लगेच गप्प झालो. काकांचा एकट्याचा सूर उरला, लगेच तुटला, आणि त्या शांततेत त्यांच्या छातीतली शिट्टी सगळ्या बिल्डिंगने ऐकली. पुढची ओळ कोणालाच सुचेना.

"मला वर न्या," काका म्हणाले.

वर जाताना ते कोणाशीच भांडले नाहीत. आमच्या दारापाशी बायको म्हणाली, "काका, बेल अजून तिथेच आहे बघा." त्यांनी मान फिरवली. दुसऱ्या दिवशी काकू डोळे पुसत आल्या. "मला म्हणतायत, थांबवलंस कशाला त्यांना? सगळे ओढत असले की माझा सूर कुठे सुटला ते कळत नाही."

विसर्जनाच्या आरतीला काका उतरले नाहीत. काकूंनी वरचं दार सताड उघडं ठेवलं. आम्ही सूर लावला तो असा, की तोंडं लाल झाली तरी कोणी सोडेना. भाभींनासुद्धा धाप लागली. मूर्ती हलवायच्या वेळी काकू खाली आल्या आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ह्यांनीपण धरला होता. विचारतायत, मी कधी थांबलो ते कळलं का कोणाला?"

"नाही कळलं," मी म्हणालो. ते खरंच होतं.

दिवाळीच्या आधीच काका गेले. आमची बेल आहे तिथेच आहे. जिन्यात सावकाश पावलं वाजली की माझी बायको अजून दार उघडून उभी राहते.