श्प्राखबुंड

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण नांदेडच्या कॉलेजातल्या भाषाशास्त्राच्या सरांचं आहे. दुष्काळात वडिलांसोबत खडी फोडायला जायचं ठरवून मी शिक्षण सोडतो म्हणून सांगायला गेलो. सर वर्गात 'श्प्राखबुंड' हा जर्मन शब्द उलगडत होते. श्प्राख म्हणजे भाषा. बुंड म्हणजे एकत्र बांधलेला संघ. शेजारी राहून सारख्या झालेल्या भाषांना हे नाव.

मी बोलून गेलो, "सर, आमच्या देगलूरला मराठी, तेलुगू, कन्नड अशाच हायत."

"एवढं कळतं अन् खडी फोडायला चाललास? बस खाली!"

त्यांनी मला स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं.

पुढं लातूर जिल्हा झाला. तिथल्या कॉलेजात नेमणूक होताच मी पत्र लिहिलं : "सर, प्राध्यापक झालो. रविवारी वडिलांना घेऊन येतो. त्यांना तुम्हाला बघायचंय."