अण्णांच्या खापरपणजोबांचं पान

अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, खापरपणजोबा कैदी म्हणून सिंगापूरला आले, ते जमीन मोजायचं साहेबाचं यंत्र फोडलं म्हणून. अण्णांच्या सांगण्यात त्या यंत्राचे सतरा तुकडे झाले. मी ऑफिसात सांगताना साहेबाचा तंबू पाडला, घोडा पळवला आणि पितळेचा एक तुकडा उडवून थेट साताऱ्याच्या बाजारात नेऊन पाडला. थापा आमच्या रक्तातच. यंत्र फोडणं तेवढं माझ्यात उतरलं नाही. "ते यंत्र फोडून गेले, आणि तू दिवसभर यंत्रापुढे मान घालून बसतोस," हे अण्णांनी मला लग्नाच्या मांडवातही ऐकवलं.

यंदा पितृपक्षात ते आमच्या सिंगापुरातल्या, हौगांगच्या फ्लॅटवर आले. हट्ट एकच. समुद्र ओलांडला म्हणून ज्यांना घरात कुणी कधी पान वाढलं नाही, त्यांना ते मेले त्याच मातीत पान वाढायचं.

"अण्णा, इथे कावळ्यांना घातलं तर दंड होतो," बायको म्हणाली.

"दंडाला भ्यायला मी काय तुझा नवरा आहे, सूनबाई?"

त्याआधी तीन शनिवार लायब्ररीत घालवून मी कैद्यांच्या नोंदी उपसल्या होत्या. खापरपणजोबांच्या नावावर दोन ओळी सापडल्या. पहिली: चांगल्या वागणुकीबद्दल मुकादम केलं, इतर कैद्यांना फटके मारायला हाती वेत दिला. दुसरी: मारायला नकार दिला, म्हणून स्वतःच फटके खाल्ले, पुन्हा बेड्या.

सर्वपित्रीच्या दुपारी वडे-खीर वाढून होईतो मी थांबलो. मग कागद काढून पहिली ओळ वाचली. फक्त पहिली. वेताचा आवाजही काढून दाखवला. दुसरी पाच मिनिटांनी वाचणार होतो. तीस वर्षं टोमणे खाल्ल्यावर पाच मिनिटं काही फार नव्हती.

"वेत कुणावर?"

"आपल्याच माणसांवर. साहेबाला सलाम ठोकून."

सलाम माझ्या पदरचा.

अण्णांनी पान उचललं, स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या, कचरा थेट तळमजल्यावर टाकायच्या नळाचं झाकण उघडलं आणि आत लोटलं. बारा मजले ते आपटत खाली गेलं. मग मी दुसरी ओळ वाचली.

"हे तुला आधी ठाऊक होतं?"

"हो."

बायकोनं घाईघाईनं दुसरं पान वाढलं. अण्णांनी ते हातात घेतलं नाही.

"एकदा बोलावून कचऱ्यात घातलं. आता कुठल्या तोंडानं बोलावू?"

संध्याकाळी त्यांनी परतीचं तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. मी केलं.