दिव्यावरचं तोरण

लेझर म्हटलं की लोकांना मास्तरांच्या हातातला लाल ठिपका आठवतो, नाहीतर वरातीत नाचणारे हिरवे पट्टे. माझी ताई ज्या कंपनीत काम करते तिथला लेझर दिसतच नाही. साप दिसतो, उघडी तार दिसते, भट्टीची धग लांबून लागते. हा किरण खोलीत चालू आहे की नाही हे डोळ्याला कळत नाही, आणि कळतं तेव्हा डोळा गेलेला असतो.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहराबाहेर, महाराजपूरच्या पुढे एका शेडमध्ये ही कंपनी आहे. बाहेरून पिठाची गिरणी वाटेल. आत कारखान्यांसाठी पत्रा कापणारी, बारीक वेल्ड मारणारी आणि प्रयोगशाळांत लागणारी लेझर यंत्रं तयार होतात. ताईचं काम किरण सरळ आणायचं. आरशांचे स्क्रू केसभर फिरवायचे आणि किरण कुठे पडतो ते एका कार्डावर बघायचं. त्या कार्डावर तेवढा त्याचा नारिंगी ठिपका उमटतो. डोळ्यांवर गडद चष्मा हवा. पण चष्म्यातून ठिपका नीट दिसत नाही, म्हणून सगळ्यांचे चष्मे कपाळावर. दार उघडलं की लेझर बंद पडावा म्हणून दाराला स्विच आहे. पण सारखा लेझर बंद पडला तर माल कधी निघणार? म्हणून स्विचला एक चुंबक चिकटवलेला. स्विचला वाटतं दार बंदच आहे. उरला फक्त दारावरचा लाल दिवा. तो पेटलेला असेल तर आत जायचं नाही.

हे सगळं ताई जेवताना हसत सांगायची. मी मजुरांच्या एका संघटनेसाठी पत्रकं लिहिते. हातातला घास ताटात ठेवून मी विचारायचे,

"लिहू का यावर?"

"लिही. मग मी घरी बसते अन् तू मले पोस," ती म्हणायची. "पाम्प्लेटवाली बाई, चेरीतालच्या चौकात वाट तुझे कागद. माझ्या शेडकडे येऊ नको."

विश्वकर्मा पूजेला आमच्या शहरात कुठलंच यंत्र चालत नाही. गॅरेजपासून छापखान्यापर्यंत सगळीकडे यंत्रं पुसायची, टिळा लावायचा, झेंडूची माळ घालायची, बुंदी वाटायची. आमच्या घरी पूजाअर्चा नाही, आमची बुद्धवंदना वेगळी. पण त्या दिवशी काम नसतं आणि सगळी शेड एकत्र बसते म्हणून ताई जायचीच.

त्या वर्षी एक यंत्र सलग चालवून तपासायला ठेवलं होतं. थांबवलं की तपासणी पहिल्यापासून. सुपरवायझर साहेब म्हणाले, "चलने दो, उधर कौन जाएगा." आणि मग ते स्वतःच विसरले. पूजेच्या दिवशी यंत्र बंद असतं हे सगळ्यांच्या अंगातच मुरलेलं. कुणीतरी हौसेने प्रत्येक दाराला तोरण बांधलं. तोरण चौकटीच्या मधोमध येतं. दिवाही चौकटीच्या मधोमध होता.

पंडितजींना पुढच्या कारखान्यात जायची घाई. "हर मशीन को टीका लगाओ," म्हणत त्यांनी स्टीलचं ताट ताईच्या हातात दिलं. बाहेर भोंग्यावर गाणी, त्यात आतल्या पंख्याची घरघर कुणाला ऐकू येणार? दार उघडलं, चुंबक होताच, किरण चालूच राहिला. तपासणीसाठी यंत्राचं झाकण काढलेलं. ताई टिळा लावायला वाकली आणि कुंकू आरशांवर सांडू नये म्हणून तिने ताट खाली धरलं. इतकी काळजी. ताटाची घासून चकचकीत केलेली कड किरणात गेली आणि किरण वर उसळला.

ती संध्याकाळी बुंदीची पुडी घेऊन घरी आली. आईसमोर काही बोलली नाही. मला म्हणाली, "जरा समोर उभी राह्य." एक डोळा तळहाताने झाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझं नाक दिसून नाही राहिलं."

मी हसले. मग तिचा चेहरा बघितला.

"कान दिसतात, केस दिसतात. मधात राखेसारखं काहीतरी आहे. मी जिकडं पाहतो तिकडं ते येते."

"दुखतं?"

"नाही ना. दुखलं असतं तर बरं होतं. नुसतं टक् झालं. कानात नाही, डोळ्याच्या मागं."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "दीदी, डॉक्टर को बोल देना, वेल्डिंग देख ली थी. लेझर बोलोगी तो जाँच बैठेगी, शेड पे ताला लगेगा. सबके बच्चे हैं, दीदी."

मी फोन हिसकावायला गेले. ताईने मला कोपराने ढकललं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काहून भांडून राहिल्या पोरींनो?" आम्ही दोघी एकाच वेळी म्हणालो, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी कांचघरच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून ती बाकावर बसली. डोळे मिटलेले, माझं मनगट हातात. माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार होतं, मालक, साहेब, चुंबक, सगळ्यांच्या नावानिशी. तिने आधीच दम दिला होता, "तू आत एक शब्द बोलायचा नाही." मी कलेक्टर कचेरीसमोर घोषणा दिल्या आहेत, पोलिसांशी हुज्जत घातली आहे. पण त्या बाकावर मी मुकाट मान डोलावली.

डॉक्टरांनी विचारलं, "क्या देख लिया था?"

ताई हळूच म्हणाली, "वेल्डिंग."

त्यांनी भिंगातून बघितलं. पुन्हा बघितलं. "वेल्डिंग ऐसा नहीं करती. सच बताओ, बेटा. मुझे दूसरी आँख भी तो देखनी है."

माझ्या मनगटात तिची नखं रुतली.

"लेझर," ती म्हणाली. "जो दिखता नहीं, वो वाला."

डॉक्टरांनी तिचा चांगला डोळा तपासायला घेतला आणि तपासतच राहिले. इतका वेळ का लागतोय? भिंतीवरची अक्षरं मला दिसेनाशी झाली. शेवटी ते म्हणाले, हा साफ आहे. दुसऱ्यात मधोमध जळलंय. सूज उतरेल, थोडं परत येईल, सगळं नाही. "इसको सँभालो अब."

सांभाळायचं म्हणजे काय? रजा संपल्यावर ताई त्याच खोलीत कामाला गेली. तिला कुणी काढलं नाही, कारण तिच्यासारखा किरण जुळवणारं दुसरं कुणी नाही. एवढंच, दया नव्हे. जाँच कुणी बसवली नाही. तिने पहिल्या दिवशी चुंबक उपटून फेकला. आठवड्यात दुसरा चिकटला. ती काढते, कुणीतरी लावतं. ज्यांना माल वेळेवर हवा त्यांच्या घरचा कुणी त्या टेबलाशी वाकत नाही.

मी पत्रक लिहिलं, दोन्ही बाजूंनी भरगच्च. ताईने एका डोळ्याने वाचलं.

"कोण वाचंल एवढं? तिथं माणूस ताट घेऊन उभा रायते."

तिने पेन घेतलं, सगळं खोडलं आणि हिंदीत एक ओळ ठेवली: दरवाज़े की बत्ती पर माला मत बाँधो, पूजा के दिन भी नहीं. खाली संघटनेचं नावसुद्धा टाकू दिलं नाही. ती ओळ आता दिव्याखाली चिकटवलेली आहे. ती अजून कुणी फाडली नाही.

रोज सकाळी डबा भरायच्या आधी ताई अधू डोळा तळहाताने झाकते आणि चांगल्या डोळ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख मोठ्याने वाचते. आईला वाटतं, तिला तिथी बघायची सवय लागली. मी गॅसपाशी उभी असते. तारीख ऐकू येईपर्यंत माझ्या हातातली पोळी तव्यावर पडत नाही.