कैरो ते सोनगीर, आठ दाणे

गिरधर मोटार-ड्रायव्हर म्हणून पलटणीत निघाला, तेव्हा त्याच्या आईनं, धुरपदाबाईनं, एकच विचारलं होतं. "कैरो कितलं लांब शे रे?"

"कराचीपासून दोन हजार मैलांवर, माय. पण विमान दोन दिवसांत येतं. पुढे आगगाडी, मग धुळ्याहून टपालाची मोटर. बठ्ठं मिळून आठ दिवस."

त्यानं दिवसाला एक असे दादर ज्वारीचे आठ दाणे तिच्या तळहातावर ठेवले. तेव्हापासून पत्र आलं की धुरपदाबाई आधी दाणे मांडायची, आठ दिवस मागे जायची आणि सुनेला सांगायची, "बुधवारी लिहिलं पोरानं. आपण मिरच्या वाळत घातल्या होत्या बघ, त्या दिवशी."

बेचाळीसच्या जूनमध्ये, अठरा तारखेला सकाळी तार आली. सात तारखेला गिरधर लढाईत कामी आला.

धुरपदाबाई भिंतीला टेकून बसली. रडू आलं नाही. ओट्यावर कुणाची तरी चप्पल उलटी पडली होती. ती सरळ करावी, एवढंच तिला दुपारपर्यंत वाटत राहिलं.

दुपारी बायका सुनेच्या, मंजुळाच्या बांगड्या फोडायला बसल्या. धुरपदाबाईच्या नणंदेनं, तानुबाईनं, दगड उचलला आणि दारात पोस्टमन वना उभा राहिला.

"अक्का... गिरधरचं पत्र आहे."

धुरपदाबाईनं कनवटीचे दाणे काढले. एकेक करून जमिनीवर मांडले.

"आज अठरा. आठ गेले, दहा. सातले गयेला माणूस दहाले पत्र लिखी का, वना?"

ती तानुबाईकडे वळली.

"तार खोटी शे! मना पोऱ्या जित्ता शे! तानुबाई, सोड तिचा हात!"

वना पाकीट उलटसुलट करत राहिला. विमानानं येणाऱ्या पत्रावरची निळी चिठ्ठी त्यावर नव्हती.

"अक्का, हे पत्र जरा—"

"वाच."

"'माय, आज आखाजी. मंजुळा माहेरी झोका खेळत असेल. आबांच्या नावाची घागर भरलीस ना? इथं टरबुजं आहेत, पण पांझरेच्या वाळूतली गोडी नाही. विमानाची पाकिटं संपली, म्हणून हे बोटीनं धाडतो.'"

वना थांबला. आखाजी, म्हणजे गेलेल्यांच्या नावानं घागर भरायची अक्षय्य तृतीया, होऊन दोन महिने झाले होते.

"बोटीला किती दिवस लागतात?" धुरपदाबाईनं विचारलं.

"लढाईचे दिवस, अक्का. दोन महिनेही लागतात."

"म्हणजे साठ दाणे."

"हो."

तिनं जमिनीवरचे आठ गोळा करून पुन्हा कनवटीला लावले. उठली. ओट्यावरची चप्पल सरळ केली.

"येत्या आखाजीला दोन घागरी लागतील," ती म्हणाली. "कुंभाराला आधीच सांगायला हवं."

मग ती मंजुळाजवळ बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"हळू मार, तानुबाई. मनगटाला लागेल. मी धरते."