माळेला डावा हात

काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडून यायचं असतं. आमच्याकडचे लोक हुशारीनं कारलं नाहीतर दोडका सोडतात. मी दूधदुभतं सोडलं. घराणं माळकरी, त्यामुळे मटण, अंडी लहानपणापासून नव्हतीच. आता दूध, दही, ताकही गेलं. अंबरपेठेत कुणाकडे गेलो की कोरा चहा मागायचा आणि का ते विचारेपर्यंत थांबायचं, असा माझा खाक्या होता. बायकोचा भाऊ कधीमधी दारू प्यायचा. त्याला तर मी येताजाता ऐकवायचो.

अशी बरीच वर्षं गेली आणि मुलीचं लग्न ठरलं. मुलगा कॉम्प्युटरवाला. तेव्हा शहरात नव्या कंपन्या धडाधड उघडत होत्या आणि असं स्थळ मिळणं म्हणजे लॉटरीच. साखरपुडा बरकतपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये होता. व्याह्यांना हाताला धरून आत नेताना माझी जीभ जड झाली. 'या, बसा' म्हणायला गेलो तर भलतंच काहीतरी बोबडं बाहेर पडलं. उजवा पाय घसटला आणि मी त्यांच्या अंगावर कलंडलो. त्यांनी मला सावरलं, आणि सावरता सावरता माझ्या तोंडाजवळ नाक आणून वास घेतला. ते मी पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेव्हण्यानं मला खांद्याला धरून मागच्या खोलीत नेलं. त्याच्या लेखी सगळं सरळ होतं: दाजींनी आज घेतली. त्याला माझी कीवच आली असावी.

"दाजी, चुप बसा जी," तो म्हणाला. "लोकं पाहायलेत."

त्यानं लिंबूपाणी पाजलं, ते ओठाच्या कोपऱ्यातून नव्या शर्टावर ओघळलं. मला सगळं ऐकू येत होतं, कळत होतं. फक्त 'मी प्यालेलो नाही' एवढं काही केल्या तोंडाबाहेर पडेना. बाहेर साखरपुडा खोळंबला होता आणि मुलीचा बाप आत दारुडा ठरला होता.

मग मला माळ आठवली. माळ हातात धरून माळकरी खोटं बोलत नाही, हे मेव्हण्यालाही ठाऊक. उजवा हात उचलेना, म्हणून मी डाव्या हातानं गळ्यातली माळ धरली आणि त्याच्यापुढे केली. त्यानं मान फिरवली. डाव्या हातानं शपथ घेतोय म्हणजे त्याला पुरावाच मिळाला.

तेवढ्यात बायको आत आली. ती रागानं आली होती, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. माझा हात पाहिला आणि दारातच थबकली.

"ही दारू नाही," ती भावाला म्हणाली. "यांचा उजवा हात चालत नाही. नाहीतर माळेला डावा हात लावतील का हे? गाडी काढ."

दवाखान्यात कळलं, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. बीपी, शुगर, तंबाखू काहीच नसताना झटका कशानं आला, ते डॉक्टरीणबाई शोधत होत्या. त्यांनी रक्तातलं होमोसिस्टीन तपासायला लावलं. तेव्हा ती तपासणी नवी होती, रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. पातळी फार वाढलेली निघाली आणि बी-बारा जवळजवळ नव्हतंच. हे जीवनसत्त्व मटण, अंडी नाहीतर दूधदुभत्यातूनच मिळतं, ते कमी पडलं की होमोसिस्टीन रक्तात साचतं आणि झटक्याचा धोका वाढतो, असं त्यांनी समजावलं. तेवढ्यानंच झालं, असं मात्र त्या ठामपणे म्हणेनात. जेवणात काय काय असतं, असं त्यांनी विचारलं. दुधाचं सांगताना बायको माझ्याकडे बघत नव्हती. ज्याची मी घरोघर फुशारकी मारली, ते तिथं नुसतं आजाराचं एक संभाव्य कारण म्हणून लिहिलं गेलं. मला चादर डोक्यावरून ओढून घ्यावीशी वाटली.

इंजेक्शनं सुरू झाली, दूधही सुरू केलं, जीभ हळूहळू वळू लागली. लग्न ठरल्या वेळी झालं. व्याह्यांनी दवाखान्यात येऊन माझे हात धरून माफी मागितली. आणखी काय करायचं होतं त्यांनी? तरी माझी लाज काही गेली नाही. अजूनही हिमायतनगरला त्यांच्याकडे गेलो की मुकाट्यानं दुधाचा चहा पितो आणि बोलताना त्यांच्या अगदी जवळ सरकून बसतो. माझ्या तोंडाला वास येत नाही, हे त्यांना कळावं म्हणून.