अ‍ॅशच्या दांड्यावरची हळद

क्लेमेंटीत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये पंचाहत्तरीचे एक चिनी अंकल राहतात. निवृत्तीनंतर ते टोमॅहॉकचे, म्हणजे जुन्या अमेरिकन धाटणीच्या हातभर कुऱ्हाडींचे, दांडे करतात. पाती त्यांचा लोहार मित्र हाताने घडवतो. शहरातल्या तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात आठवडाभर एक्सेलच्या चौकटी भरणारा मी शनिवारी त्यांच्याकडे दांडे घासायला जाऊ लागलो आणि सहा महिन्यांत स्वतःला सुतार समजू लागलो. आमच्या पडद्याचा रॉड मी लावलाय. तो वाकडा आहे.

परवाच्या नवरात्रात अंकलनी पहिल्यांदाच अ‍ॅशच्या फिकट लाकडाचा एक अख्खा दांडा, पात्यासकट, माझ्या स्वाधीन केला. "ओल्या फडक्याने पूस. लाकडाची लव उभी राहील. वाळली की बारीक पॉलिशपेपरने घास. जवसाचं तेल मी लावीन. तोवर याला दुसरं काही लागू देऊ नकोस, कोरं लाकूड सगळं पितं."

आणि आली खंडेनवमी. दरवर्षी आमच्याकडे शस्त्रं म्हणून लॅपटॉप, कात्री आणि मिक्सर मांडतात. यंदा खरी कुऱ्हाड होती. बायको म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा शस्त्र हाती आलं, तेही दुसऱ्याचं. नुसतं फूल वाहा."

पण मला हौस. पात्याला ओल्या हळदीचं बोट लावलं, कुंकू लावलं, आणि हात सवयीने तसाच दांड्यावर गेला.

कुंकू बरंचसं निघालं. हळद मात्र निघेना. घासून घासून दांडा बारीक व्हायला लागला, तेव्हा थांबलो आणि तसाच नेऊन दिला. वाटलं, तेलाखाली लपेल. तेल लागलं तशी ती आणखी पसरली.

अंकलनी दांडा कॉरिडॉरच्या उजेडात नेला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हा पिवळा डाग बघ. या लाकडाला रोग होता. मला दिसला कसा नाही?"

मी म्हणालो, "असेल काहीतरी लाकडालाच."

हे वाक्य इतक्या सहज तोंडातून निघालं, की मलाच माझं कौतुक वाटलं. दोनेक मिनिटं.

पुढच्या शनिवारी ते आपल्या साठ्यातल्या फळ्या दाराबाहेर काढत होते. "लाकूड ओळखता येत नाही, तर दांडे कशाला करायचे? खाली ठेवून देऊ. कोणी नेईल." आणि मी, सज्जन शेजारी, त्या अकरा फळ्या लिफ्टने खाली पोचवल्या. दोन खेपांत.

घरी आलो तर बायकोने विचारलं, "त्यांना सांगितलंस?"

"फळ्या जड होत्या गं."

"म्हणजे नाही सांगितलंस."

तिने माझ्यापुढे ताट ठेवलं. ताक वाढलं, तेही शेवटी. हात धुऊन मी शेजारची बेल वाजवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हळद, पूजा, घासणं, आणि ते वाक्यसुद्धा.

अंकलनी एकच विचारलं, "लाकूड चांगलं होतं?"

"चांगलं होतं."

त्यांनी चपला घातल्या आणि लिफ्टकडे निघाले. माझ्यासाठी थांबले नाहीत. मी जिन्याने धावलो.

खाली चारच फळ्या उरल्या होत्या. त्यांनी एकेक उचलून डोळ्यासमोर आडवी धरली, रेषांवरून अंगठा फिरवला. तिसरीपाशी थांबले. ती वेगळी ठेवून म्हणाले, "ही खराब आहे. बघ, इथे."

मी बघितलं. मला काहीच दिसलं नाही. तेही सांगून टाकलं.

"तुला नाही दिसणार," ते म्हणाले आणि राहिलेल्या तीन फळ्या माझ्या हातांवर ठेवल्या. गेलेल्या सात फळ्यांबद्दल त्यांनी विचारलं नाही. लिफ्ट येईपर्यंत त्यांनी काहीतरी बोलावं, निदान चिडावं, असं मला फार वाटत होतं.